व्हिडिओ गेमची चित्रे काढताना

(तृतीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीत घरी पाहुणे आले होते. फराळ चालू असताना त्यांतील एका काकांनी विचारले, "काय, सध्या काय करतेस?" मी म्हणाले, "बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि चित्रे काढून व्हिडिओ गेमवर एकेक मिनिटाच्या चित्रफिती करते." काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग आईकडे वळून म्हणाले, "म्हणजे बी. ए. करते." सगळे हसले. मीही हसले. चकलीचा तुकडा तोंडात होता म्हणून उत्तर दिले नाही, एवढेच.

खरे म्हणजे काकांच्या टोमण्याची मला सवय आहे. मोठ्या माणसांना व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा नाश वाटतो आणि त्यांचे सगळेच काही चूक नाही. मला अधिक बोचते ते माझ्या बरोबरीच्या मुलामुलींचे बोलणे. त्यांना गेम चालतो, चित्र नको असते. "एवढे कशाला रंगवत बसतेस? गेम खेळताना पडदा सरळ टिपून घे, वर आवाज टाक, दहा मिनिटांत काम!" असा सल्ला मला वर्गात निदान पाचजणांनी दिला आहे. या सल्ल्याला उत्तर द्यावे, आणि जमल्यास स्वतःच्या एका चुकीचाही हिशेब द्यावा, म्हणून हा लेख.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. जून २०२० मध्ये आपल्याकडे टिकटॉकवर बंदी आली. लगेच जुलैत इन्स्टाग्रामने रील सुरू केल्या, आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सचा प्रयोग पहिल्यांदा भारतातच केला. मोबाईल उभा धरून पाहायच्या या चित्रफिती. यूट्यूबवर त्यांची मर्यादा आधी एका मिनिटाची होती, ऑक्टोबर २०२४ पासून ती तीन मिनिटांची झाली. मी मात्र एका मिनिटावरच थांबले आहे. एका मिनिटात साधारण एकशेचाळीस शब्द बोलता येतात आणि माझ्या हाताने पस्तीस-चाळीस चित्रे होतात. त्याहून जास्त काढायची तर परीक्षा बुडेल.

माझी साधने पाहिली तर कोणालाही हसू येईल. ड्रॉइंग पेपर, पोस्टर कलर, इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून जपलेले दोन ब्रश. स्टुलाच्या पायांमध्ये पट्टी बांधून तिच्यावर मोबाईल पालथा ठेवते आणि खाली कागद सरकवत जाते. आवाज गोधडी डोक्यावरून घेऊन भरते, कारण आमच्या मागेच पिठाची गिरणी आहे. पहिल्या चित्रफितीत मी राक्षसाचे तोंड कागदाच्या अगदी खाली काढले होते. मोबाईलवर पाहते तो त्याच्या तोंडावर नाव आणि बटणे येऊन बसलेली! वरखाली दोन-तीन बोटे जागा मोकळी सोडायची असते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पडदा टिपून घेण्यापेक्षा चित्र का काढावे?

'स्पेस इन्व्हेडर्स' हा १९७८ सालचा जपानी खेळ. टायटो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो यांनी तो तयार केला. पडद्यावर परग्रहावरच्या प्राण्यांच्या पाच रांगा, एकेका रांगेत अकरा, म्हणजे एकूण पंचावन्न. ते आडवे सरकत सरकत खाली उतरतात आणि आपण खालून तोफेने त्यांना टिपायचे. ते जसजसे कमी होतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. शेवटचा एकटा उरला की असा धावतो की नेम धरताना नाकी नऊ येतात. मी संहितेत झोकात लिहिले होते, "साथीदार मरताना पाहून शत्रू चवताळतात!" माझा धाकटा भाऊ आठवीत आहे. तो शेजारी बसून रंग कालवत होता. त्याने विचारले, "ताई, पण ते खरंच चवताळतात का? त्यांना कसं कळतं?"

मला उत्तर येत नव्हते. पडदा टिपून घेतला असता तर उत्तराची गरजच पडली नसती. ते पळताना दिसतात, बघणारा बघतो, आपण मोकळे. पण मला ते कागदावर काढायचे होते, आणि कशामुळे पळतात हे ठाऊक नसताना काढायचे काय? शोधाशोध केली तेव्हा कळले की ते यंत्र सेकंदाला साठ वेळा पडद्यावरचे चित्र बदलते आणि दर वेळी एकाच प्राण्याला एक पाऊल सरकवते. पंचावन्न असताना सगळ्यांचे एकेक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागतो. दहा उरले की एका सेकंदात सहा फेऱ्या होतात. एकच उरला की दर वेळी त्याचाच नंबर! यंत्राची ताकद बेताची, तिच्यावरचे ओझे कमी झाले की काम भराभर उरकते, एवढीच ही गोष्ट. निशिकादोंच्या हे लक्षात आले, खेळाला त्याने रंगत येते हेही लक्षात आले, आणि त्यांनी ते तसेच राहू दिले.

मग मी चवताळलेले शत्रू टाकून दिले आणि पंगत काढली. पंचावन्न पाने, वाढपी एकच. आमटीची बादली घेऊन तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाऊन परत येईपर्यंत पहिल्याचा भात कोरडा पडलेला. जेवून माणसे उठू लागतात तशी त्याची फेरी लहान होते. शेवटी एकच आजोबा उरतात, आणि "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांच्या पानात आमटीचे तळे. माझ्या आईने उभ्या आयुष्यात गेमला हात लावलेला नाही. तिने ही चित्रफीत पाहिली आणि म्हणाली, "अगं, म्हणजे ते चवताळत नाहीत, वाढप्याला सवड मिळते!" त्या दिवशी मला जे समाधान मिळाले ते इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीनेही मिळाले नव्हते.

दुसरे उदाहरण मारिओचे. आमच्या मामाकडे जुना टीव्हीचा गेम आहे, पिवळी कॅसेट घालायचा. कॅसेटवर छापले होते '९९९९९९९ इन १'. प्रत्यक्षात पाचसात खेळ, तेच पुन्हा पुन्हा! त्यात मारिओ होताच. मिशा, टोपी आणि खांद्यावर पट्टे असलेली विजार. हा वेष कोणाच्या आवडीने ठरला असेल असे मला वाटे. तो ठरला अडचणीमुळे. १९८१ साली शिगेरू मियामोतो यांनी निन्तेंदोसाठी 'डाँकी काँग' केला तेव्हा माणूस काढायला जागा होती सोळा गुणिले सोळा ठिपके. एवढ्या जागेत केस नीट निघेनात, म्हणून टोपी. तोंड दिसेना, म्हणून नाकाखाली मिशा. धावताना हात हलतात हे कळावे म्हणून सदरा एका रंगाचा आणि विजार दुसऱ्या. तेव्हा तो प्लंबरही नव्हता, सुतार होता, आणि त्याचे नाव होते जंपमॅन.

हे तोंडी सांगून पटत नाही. म्हणून मी आलेखाचा कागद घेतला, २५६ चौकोन आखले, आणि वर्गातल्या सहा जणांना आपल्या मराठीच्या सरांचे चित्र त्यात बसवायला सांगितले. सहाही चित्रांत सर नव्हते, सरांचा चष्मा होता. ते सहा कागद मी तसेच चित्रफितीत घेतले. (सरांची परवानगी घेतली होती. त्यांनी स्वतःही एक प्रयत्न केला. त्यांच्याही चित्रात चष्माच आला.)

एक गोष्ट मला बरेच दिवस जमत नव्हती. माझी चित्रे दर सेकंदाला बदलत आणि पाहणाऱ्याला धाप लागे. पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरून ठेवला नाही तर तो बोट फिरवून पुढे जातो, ही भीती या धंद्यात सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेली असते. दुसऱ्या वर्षी आमची सहल सिंधुदुर्गात गेली आणि कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी पाहायला मिळाली. एका कथेच्या चित्रांची एक पोथी. सांगणारा त्यातले एक चित्र समोर धरतो आणि गात गात कथा सांगतो. चित्र हलत नाही, त्याचा आवाज हलतो. तो म्हणेल तेव्हा आपली नजर रथाकडे जाते, तो म्हणेल तेव्हा बाणाकडे. एक चित्र संपायला त्याने जितका वेळ घेतला तितक्या वेळात मी बारा चित्रे उधळली असती! पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला, त्यात कथेचे भाग छायाबाहुल्यांच्या धाटणीने सांगितले आहेत. ते मी आधी पाहिले होते, पण त्यामागची युक्ती पिंगुळीच्या त्या ओसरीवर बसल्यावर कळली. तेव्हापासून माझी चित्रे निम्म्यावर आली आणि परीक्षेचा अभ्यासही थोडा होऊ लागला.

आतापर्यंत मी चित्राची बाजू मांडली. आता चुकीचा हिशेब.

१९८२ साली स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' हा चित्रपट गाजला आणि अटारी कंपनीने त्यावर गेम काढायचे ठरवले. नाताळच्या बाजारात तो यायलाच हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना त्यासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले. एरवी अशा कामाला महिनेच्या महिने लागत. खेळ फसला. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्दो या गावच्या कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला.

ही गोष्ट म्हणजे चित्रकाराला मेजवानीच. मी ती अशी सांगितली: जगातला सर्वांत वाईट खेळ, त्याच्या लाखो कॅसेटी वाळवंटात गाडल्या, आणि एका माणसाच्या आळसाने कंपनी बुडाली. वॉर्शॉ यांना मी टेबलावर डोके ठेवून घोरताना काढले. शेजारी कॅलेंडरची पाने उडताहेत, आणि त्यांच्या डोक्याला गाढवाचे कान. ते कान मला फार छान साधले होते. माझ्या चित्रफिती एरवी दोनशे-तीनशे जण पाहतात, ही चाळीस हजारांवर गेली. कँटीनमध्ये अनोळखी मुले "ती गाढवाच्या कानांची तूच ना?" म्हणून विचारू लागली. हे मला आवडले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

इतिहासाच्या बाईंनी ग्रंथालयात गाठून एकच प्रश्न विचारला, "तो माणूस आळशी होता, याला आधार काय?" मी म्हणाले, "सगळीकडे तसंच आहे." बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे पाहिले.

घरी येऊन मी पहिल्यांदा नीट शोधले. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरण्यात आला, त्यावर 'अटारी: गेम ओव्हर' नावाचा माहितीपट आहे. सुमारे १,३०० कॅसेटी वर काढल्या. त्यांत 'ई. टी.' होता, तसेच इतर कितीतरी खेळ होते, चांगले खपलेलेही होते. पुरण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्या अटारीच्या अधिकाऱ्याने पुरलेल्या कॅसेटींचा आकडा ७ लाख २८ हजार सांगितला, पण तो सगळ्या मालाचा मिळून. म्हणजे गोदाम रिकामे केले होते, एका खेळाचे थडगे बांधले नव्हते. त्या वर्षी अमेरिकेतला अख्खा बाजारच कोसळला. सुमार खेळांचा सुकाळ झाला होता, दुकानदार न विकलेला माल परत पाठवत होते, घरगुती संगणक स्वस्त झाले होते. यातले एक अक्षर मी सांगितले नव्हते.

आणि वॉर्शॉ? 'यार्स रिव्हेंज' हा अटारीचा नावाजलेला खेळ त्यांनीच केला होता. त्या पाच आठवड्यांत घरीही काम करता यावे म्हणून त्यांनी यंत्रे घरी नेऊन बसवली होती. खड्डा उकरला त्या दिवशी ते तेथे उभे होते. धुळीचे लोट उठत होते, माणसे गोळा झाली होती, बत्तीस वर्षांपूर्वी आपण केलेली वस्तू मातीतून निघताना ते पाहत होते आणि त्यांचा कंठ दाटून आला होता. पुढच्या काळात हा माणूस मानसोपचाराच्या व्यवसायात गेला. रात्रंदिवस राबलेल्या माणसाला मी घोरताना दाखवले होते.

पडदा टिपून घेणाऱ्या मुलाच्या हातून ही चूक झाली नसती, हे मला मान्य केले पाहिजे. गेम कसा दिसतो एवढेच त्याने दाखवले असते. गाढवाचे कान काढायला हात लागतो. जो हात वाढपी काढतो तोच कानही काढतो, आणि पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच खरे वाटतात.

मैत्रिणीचे मत पडले, "राहू दे की. लोक हसतात. तो माणूस अमेरिकेत, त्याला मराठी कुठं कळतंय?" तिचा हेतू चांगला होता, पण नेमके हेच वाक्य मला रात्रभर टोचत राहिले. इंग्रजीत अशी चूक कोणी केली तर ती खोडून काढणारे पन्नास जण उभे राहतात. मराठीत या विषयावर बोलणारे आहेत किती? एखाद्या गावातल्या मुलाने वॉर्शॉ हे नाव आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून ऐकले असेल आणि कदाचित पुन्हा कधी ऐकणारही नाही. त्याच्यापुरता तो माणूस गाढवाच्या कानांचाच राहणार. ज्याला मराठी कळत नाही तो आपली बाजू मांडायला येऊ शकत नाही, म्हणून तर अधिक जपून बोलायला हवे होते.

टाकलेली चित्रफीत बदलून तिच्या जागी दुसरी ठेवता येत नाही. ठेवायची किंवा काढून टाकायची, दोनच वाटा. मी ती काढून टाकली. चाळीस हजारांचा आकडा नाहीसा होताना पाहून पोटात कालवले, हेही लिहून ठेवते. मग त्याच चित्रापासून नवी चित्रफीत सुरू केली: मोबाईल वर बांधलेला, खाली जुना कागद, आणि मी पांढऱ्या रंगाने कान बुजवते आहे. पोस्टर कलरवर पोस्टर कलर नीट बसत नाही. दोन हात दिले तरी कानांची रेघ आतून दिसत राहिली. ती तशीच ठेवली. ही नवी चित्रफीत आतापर्यंत सहाशे जणांनी पाहिली. बाकीच्यांपर्यंत पोचायचा मार्ग माझ्याकडे नाही.

या सगळ्या प्रकारानंतर एका मित्राने सुचवले की चित्रे आता यंत्राकडूनच काढून घ्यावीत, म्हणजे कष्टही नकोत आणि अपराधही नको. मी करून पाहिले. अलामोगोर्दो म्हणताच दहा सेकंदांत सुरेख वाळवंट आले, ट्रकांची रांग आली, वर टिपूर चांदणे. ते चांदणे कुठल्या आधाराने आले हे यंत्राला सांगता येईना आणि मलाही सांगता येईना. बाईंनी पुन्हा मान वर करून पाहिले तर काय करू? चित्र माझे वाकडे निघते, पण त्यातली प्रत्येक रेघ मी काढली आहे, आणि ती का काढली हे विचारले तर मला सांगावे लागते. मला तरी ही अडचण हवी आहे.

सध्या टेबलावर 'पॅक-मॅन'ची चार भुते आहेत. १९८० सालचा हा खेळ नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यांचा. चारही भुते दिसायला सारखी, नुसते रंग वेगळे, आणि बहुतेकांना वाटते की चौघेही आपल्या मागे लागलेली असतात. तसे नाही. तांबडे तेवढे सरळ पाठलाग करते, त्याला मी उधारी वसूल करायला निघालेला वाणी केला आहे. गुलाबी आपल्या तोंडापुढच्या चार घरांवर नेम धरून येते. ती बोळातून आडवी जाऊन कोपऱ्यावर वाट अडवणारी शेजारची मावशी. निळे आपल्याकडेही पाहते आणि तांबड्याकडेही, दोघांच्या जागेवरून स्वतःची वाट ठरवते. त्याचे चित्र तीन वेळा फाडले, चौथे बरे आहे. राहिले नारिंगी. ते लांबून धावत येते, पण आठ घरांच्या आत आले की तोंड फिरवून आपल्या कोपऱ्याकडे चालू लागते. याला काय म्हणावे ते मला आठवडाभर सुचत नव्हते. काल भाऊ शाळेतून आला, कागदाकडे पाहून म्हणाला, "हे तर आपल्या गल्लीतलं कुत्रं." लांबून भुंकत अंगावर येते, आणि आपण तसेच उभे राहिलो की भिंत हुंगत माघारी जाते. अगदी तेच! आता ते कुत्रे नारिंगी रंगात भूत वाटायला हवे आणि कुत्रेही. आज सकाळपासून चार कागद वाया गेले आहेत.